क्षितिज तिरकं आहे

परवा कपाटातले जुने लिफाफे आवरताना एक फोटो सापडला. माझा नव्हे, भाचीचा. आठ बाय दहा इंची प्रिंट, ब्लॅक अँड व्हाइट, मागे पेन्सिलीने 'स्वारगेट' एवढंच लिहिलेलं. तो हातात घेऊन पलंगावर बसलो तो बसलोच. चहा गार झाला, बायकोने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही (म्हणजे प्रकरण गंभीर). ह्या फोटोबद्दल लिहावं की नाही ह्यात दोन आठवडे गेले. ताई हे वाचणार, भाऊजी वाचणार, आमच्या रविवारच्या टोळक्यातले दोघंतिघं तर नक्कीच वाचणार. वाचू देत.

टोळक्याबद्दल आधी सांगतो. आम्ही सातजण आहोत. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एक आयटीतला पोरगा, सदाशिव पेठेत आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवलेले काका, मी आणि आणखी दोघं. महिन्यातून एका रविवारी पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमायचं. प्रत्येकाने रस्त्यावर काढलेले तीन फोटो आणायचे, ब्लॅक अँड व्हाइटच, आणि प्रिंट करूनच. मोबाइल पुढे करून 'हा बघ, हा बघ' चालत नाही. प्रिंट टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत फोटो काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम माझा. त्याचा मला फार अभिमान होता. फोटोनेच बोललं पाहिजे, सोबत वकील कशाला, असं मी म्हणायचो.

बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल अशी आमची भाषा आहे. 'पाय कापलाय', 'डोक्यातून खांब उगवलाय', 'हायलाइट जळालाय', 'सावल्या बुजल्यात'. एखादा रंगीत फोटो जमला नाही आणि केवळ म्हणून त्यातला रंग काढून आणला, की आमच्यात म्हणतात 'विभूती लावून आणलाय'. ही लबाडी आम्ही सगळ्यांनीच केलेली आहे. मागे पिवळाजर्द प्लॅस्टिकचा ड्रम डोळ्यांत खुपत असतो, कोपऱ्यात लाल बादली असते. रंग काढला की दोघंही मुकाट राखाडी होतात आणि फोटोला उगाच एक वैराग्य येतं. पूर्वी ही सोय नव्हती. ट्राय-एक्सचा रोल भरला की छत्तीस फोटो काळेपांढरेच, म्हणजे घरातून निघतानाच ठरवावं लागायचं. आता लायकाच्या मोनोक्रोमसारखे अपवाद सोडले तर कॅमेरा रंगीतच टिपतो आणि निर्णय रात्री जेवण झाल्यावर, संगणकासमोर होतो. त्यामुळे 'ह्यात रंग का नाही?' हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारायला हवा होता. विचारला मात्र कधीच नाही. काळंपांढरं म्हणजे गंभीर, एवढं गृहीत धरून पुढे.

रघुबीर सिंग (१९४२–१९९९) ह्यांना हे गृहीतच मान्य नव्हतं. ते आयुष्यभर रंगीत फोटो काढत राहिले. भारताकडे बघायचं तर रंगातूनच, काळंपांढरं ही पश्चिमेची नजर, असा त्यांचा दावा होता. १९९८ साली आलेल्या त्यांच्या 'रिव्हर ऑफ कलर' ह्या पुस्तकात तो सविस्तर मांडलेला आहे. मला तो अर्धाच पटतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे ह्यांनी वर्षानुवर्षं जे काम केलं (२०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली), ते काळ्यापांढऱ्यात आहे, आणि ते बघताना रंग नसल्याची मला एकदाही आठवण झाली नाही. तो माणूस त्यांच्यात परत परत जात राहिला, हे त्या फोटोंमधे दिसतं. विभूतीचा प्रश्नच येत नाही.

असो. मी मुद्दा टाळतोय.

२०१७ सालची गोष्ट. भाची शिकायला आमच्याकडे राहत होती. माझा जुना कॅमेरा पडून होता तो तिला दिला. पोरगी कॉलेजातून येताना कुठे कुठे उतरायची, फोटो काढायची, कुणाला दाखवायची नाही. मीच मागे लागलो. "चल आमच्या रविवारी. शिकशील काहीतरी." त्या महिन्यात बैठक आमच्याच घरी होती. काका नेमके साताऱ्याला लग्नाला गेले होते.

त्या दिवशी माझा मार्केटयार्डातला फोटो फार गाजला. पोत्यांच्या थप्पीवर झोपलेला हमाल, वरच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा तिरपा पट्टा बरोब्बर त्याच्या चेहऱ्यावर. बँकवाल्यांनी नुसतंच "वा!" म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या अंगावर काटा आला. मी नियमाप्रमाणे गप्प होतो, पण आतून फुगलो होतो, हे कबूल करतो.

मग भाचीने तिची प्रिंट ठेवली. एकच आणली होती. एसटी स्टँडच्या फलाटाच्या कडेला एक म्हातारी बसलेली, शेजारी पिशवी. डावीकडे चौकटीत अर्धा माणूस, डोकं कापलेलं. मागे बस हललेली, नुसते पट्टे. आणि सगळं चित्र एका बाजूला कललेलं.

कुणी काही बोलेना. नवीन मुलगी, त्यातून घरमालकाची भाची. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला वाटलं, आता दाखवूनच द्यावं की आपल्याकडे नातंगोतं चालत नाही. मी सुरू केलं. क्षितिज तिरकं आहे. डाव्या माणसाचं डोकं कापलंय, मग तो ठेवलाच कशाला? बस हललीय, म्हणजे शटर संथ होतं. नजर कुठे न्यायची ते कळत नाही. आणि हा पिशवीच्या तोंडाशी पांढरा ठिपका, हायलाइट जळालाय, डोळा सारखा तिकडे जातो. बोट ठेवून ठेवून दाखवलं. मी बोलल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. बँकवाल्यांनी कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतलं. ते घेतातच. सात-आठ मिनिटं हे चाललं असेल. ती नियमाप्रमाणे गप्प होती. शेवटी मी विचारलं, "आता बोल, तुला काही सांगायचंय?" तर म्हणाली, "नाही मामा, बरोबर आहे तुमचं." आणि चहाचे कप गोळा करायला उठली.

तीन आठवड्यांनी कॅमेरा माझ्या टेबलावर होता. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली, लेन्सला झाकण, पट्टा गुंडाळून ठेवलेला. "परीक्षा आहेत" म्हणाली. परीक्षा संपल्या, नोकरी लागली, नागपूरला गेली. ताई अधूनमधून म्हणते, कॅमेऱ्याचं खूळ गेलं तिचं, बरंच झालं. ताई, ते गेलं नव्हतं. मी घालवलं. तुला आज हे पहिल्यांदाच कळतंय.

आता तुम्ही म्हणाल, इतकं काय, टीका सोसायलाच हवी. बँकवाले अजून हेच म्हणतात. वाईट ते वाईट, गोड बोलून कुणी शिकत नाही. तत्त्व मलाही मान्य आहे. 'मस्तच', 'क्या बात है', 'सुंदर टिपलंय' ह्या कौतुकाने आजवर कुणाचा एक फोटो सुधारलेला मी पाहिला नाही. पण त्या दिवशी मी जे केलं ती टीकाच नव्हती, असं आता मला वाटतं. मी फोटो बघितलाच नव्हता. मी पट्टी लावली होती. क्षितिज तिरकं आहे हे पट्टीने सिद्ध करता येतं, डोकं कापलंय ह्यावर कुणी वाद घालू शकत नाही. ह्या उलट 'ह्या म्हाताऱ्या बाईकडे बघून मला अस्वस्थ होतंय, का ते कळत नाही' असं चारचौघांत म्हणायला धाडस लागतं, कारण त्यात फोटोच्या आधी आपणच उघडे पडतो. म्हणून आपण शहाण्यासारखे क्षितिजावर बोलतो. 'वा!' हीदेखील तीच पळवाट, फक्त गोड.

हे फक्त आमच्या सातजणांचंच आहे असं नाही. रॉबर्ट फ्रँक स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेला. १९५५ साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, एक जुनी गाडी घेऊन तो देशभर हिंडला. सुमारे सत्तावीस हजार वेळा शटर दाबलं आणि त्यातून पुस्तकात घेतले ८३ फोटो. 'द अमेरिकन्स' १९५८ साली पॅरिसमधे निघालं, पुढच्या वर्षी अमेरिकेत. १९६० साली 'पॉप्युलर फोटोग्राफी' ह्या मासिकाने आपल्या लोकांकडून त्याचं परीक्षण करून घेतलं. बहुतेकांचा सूर काय, तर फोटो हललेले, दाणेदार, छपाई गढूळ, क्षितिजं झिंगलेली. म्हणजे आमचाच रविवार! अडाणी लोक नव्हते ते, फोटोग्राफीतले जाणकारच होते. आणि त्यांनी दाखवलेला एकही दोष खोटा नव्हता. क्षितिजं खरंच तिरकी आहेत, आजही तिरकीच आहेत. फक्त पुढच्या पिढ्यांनी रस्त्यावरची फोटोग्राफी त्याच पुस्तकावरून शिकली.

ह्याचा अर्थ प्रत्येक तिरक्या क्षितिजामागे फ्रँक असतो असा नाही हं. माझ्याकडे तिरक्या क्षितिजांचे शेकड्यांनी फोटो आहेत आणि ते नुसतेच तिरके आहेत. पण तिरकं आहे म्हटल्यावर 'मग त्याने काय झालं?' हा पुढचा प्रश्न आम्ही विचारत नव्हतो. बँकवाल्यांच्या कार्तिए-ब्रेसाँचंच घ्या. फोटो कापायचा नाही, चौकट जागेवरच ठरली पाहिजे, हा त्यांचा बाणा जगप्रसिद्ध. पण डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा फोटो, पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनामागचा, तोच कापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधून काढला होता, कडेला फळी आली होती. हे मी एकदा बँकवाल्यांना सांगितलं तर दोन बैठका माझ्याशी तुटक बोलत होते.

माझ्या हमालाचं काय झालं तेही सांगून टाकतो. काका साताऱ्याहून आल्यावर मी कौतुकाने प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांनी आयुष्यभर पासपोर्टचे फोटो आणि लग्नं केली. पण डार्करूममधे, हायपोच्या वासात, तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा एन्लार्जरखाली हलवत एकेका चेहऱ्यावर उजेड कमीजास्त करायचा, हे त्यांनी इतकं केलंय की प्रिंट ते बोटांनी वाचतात. चष्मा कपाळावर घेऊन बघितलं. म्हणाले, "छान आहे रे. पण हा मी ह्याआधी पन्नास वेळा बघितलाय." मी म्हटलं, "म्हणजे?" तर म्हणाले, "म्हणजे तू हमाल बघितला नाहीस. तुला आधी बघितलेला फोटो आठवला, तो तू परत काढलास." मला राग आला. तीन-चार महिने टिकला. नंतर कधीतरी कळलं की त्या फोटोवर मला मिळालेली एकमेव टीका तीच होती.

गॅरी विनोग्रँड (१९२८–१९८४) रोल संपला की लगेच धूत नसे, वर्षभर तसाच पडू देई. फोटो काढताना आपल्याला जे वाटलं तेच आपण फोटोत बघतो, आणि फोटो चांगला आहे असं समजतो. ते वाटणं विसरेपर्यंत थांबावं, असं त्याचं म्हणणं. (थांबणं जरा जास्तच झालं. तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले.) माझ्या हमालाच्या बाबतीत हे तंतोतंत. त्या दिवशी ऊन होतं, मी खूश होतो, आणि ती खुशी मी फोटोत बघत होतो.

आमच्यातल्या आयटीवाल्या पोराचं म्हणणं वेगळं. दाखवायचंच कशाला कुणाला? व्हिव्हियन मायरने कुठे दाखवले? तिचं उदाहरण आता सगळेच देतात. शिकागोत मुलं सांभाळणारी बाई, लाखभर निगेटिव्ह साठवलेल्या. २००७ साली भाडं थकलं म्हणून तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा त्या लोकांच्या हाती लागल्या, आणि २००९ साली ती गेली. नाव झालं ते त्यानंतर. पण मला तिच्या गोष्टीत आनंद वाटत नाही. त्या लाखातले कुठले फोटो तिला स्वतःला आवडले असते? आज आपण जे बघतो ते दुसऱ्यांनी निवडलेले आहेत. फ्रँकचे ८३ फ्रँकचे आहेत. निवडणं हे अर्धं काम असतं आणि त्याला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. त्यामुळे दाखवूच नये, हे मला पटत नाही. माझ्या भाचीने तर नाहीच नाही.

तर मागच्या रविवारी मी ती स्वारगेटची प्रिंट घेऊन गेलो. कुणाची ते सांगितलं नाही. सातआठ वर्षांत सगळे विसरले होते, आणि काकांनी तर ती बघितलीच नव्हती. मी म्हटलं, आज पहिल्या फेरीत चांगलं-वाईट कुणी म्हणायचं नाही. फोटोत काय आहे तेवढंच सांगायचं.

तुम्हाला सांगतो, पाच मिनिटं शांतता. सवयच नव्हती. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाईने चपला काढून शेजारी जोडीने नीट ठेवल्यात, घरात ठेवतात तशा. आयटीवाला म्हणाला, तो डोकं कापलेला माणूस पळतोय, त्याचा हात बसच्या दाराकडे आहे. बँकवाल्यांनी तोंड उघडलं, "क्षितिज..." एवढं म्हणाले आणि थांबले. परत वाकून बघितलं. म्हणाले, "उतार बसच्या बाजूला आहे. सगळं तिकडे घरंगळतंय. ही एकटी नाही घरंगळत." मी बँकवाल्यांना इतकी वर्षं ओळखतो, त्यांच्या तोंडून असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

काका शेवटी बोलले. "ही कुणाची तरी वाट बघतेय. मुलाची असेल. तो येत नाहीये हे हिला ठाऊक आहे."

घरी येऊन भाचीला फोन केला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "काय मामा, किती जुनं," आणि विषय बदलला. मग मी प्रिंटचा फोटो काढून तिला पाठवला आणि खाली प्रत्येकजण काय म्हणाला ते शब्दशः लिहून पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री आलं:

"मामा, ती कुणाची वाट बघत नव्हती. ती हललेली बस आहे ना, तीच तिची भोरची गाडी. चुकली. तो पळणारा तिच्यासाठीच बस थांबवायला धावला होता, तिच्या ओळखीचाही नव्हता. मग पुढची गाडी येईपर्यंत मी तिच्याजवळ बसले. तिने डबा उघडला, आम्ही दोघींनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. स्टीलचा डबा होता. पिशवीत आहे बघा, वरच दिसतोय."

भिंग काढून बघितलं. पिशवीच्या तोंडाशी पांढरा ठिपका आहे, तोच, ज्याच्यावर बोट ठेवून मी म्हणालो होतो हायलाइट जळालाय म्हणून.